नवशिक्याला प्रोग्रेसिव्ह प्रेसचा सल्ला नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील मराठी मंडळींच्या छंदांविषयी जी लेखमाला चालू आहे, तिच्यातला काडतुसे घरी पुन्हा भरण्याच्या छंदावरचा लेख मी आवडीने वाचला. पेनसिल्व्हेनियात आमच्या गावाबाहेरच्या रायफल क्लबात मी बरीच वर्षे जातो, वापरलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून आणतो आणि तळघरात बसून त्या पुन्हा भरतो. शिवाय नोकरीचा सारा काळ टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या साचे-हत्यारे बनवणाऱ्या विभागात, गेल्यामुळे डाय, आटे आणि रॅम ही मंडळी माझ्या घरचीच आहेत. असा आडवाटेचा विषय मराठीत मांडल्याबद्दल लेखकाचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच आहे. मात्र लेखाच्या अखेरीस त्यांनी नवशिक्यांना जो सल्ला दिला आहे, की पहिलीच खरेदी प्रोग्रेसिव्ह प्रेसची, म्हणजे काडतुसे झपाट्याने भरणाऱ्या यंत्राची, करावी, कारण ती तासाला चारशेहून अधिक काडतुसे भरते आणि तिचे पैसे लवकर वसूल होतात, तो मला मुळीच पटलेला नाही. तो हिशेबात चुकीचा आहे आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने धोक्याचा आहे, म्हणून हे पत्र.

जे वाचक या वाटेला कधी गेलेले नाहीत त्यांच्यासाठी मूळ क्रिया थोडक्यात सांगतो. काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला, ठोका बसताच पावडर पेटवणारा प्राइमर, आतली धूररहित पावडर आणि तोंडाशी घट्ट धरलेली गोळी. बार उडाला की गोळी जाते, पावडर जळते, प्राइमर निकामी होतो आणि पुंगळी तेवढी हातात उरते. तीच बहुधा या चौघांत सर्वांत महाग असते. दाबामुळे ती बंदुकीच्या चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, मापापर्यंत फुगलेली असते. तिला कठीण पोलादाच्या डायमध्ये दाबून मूळ मापावर आणायचे, त्याच दाबात डायमधल्या पिनेने जुना प्राइमर बाहेर ढकलायचा, मग नवा प्राइमर बसवायचा, पावडर मोजून घालायची आणि गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत दाबायची, असा हा क्रम आहे. दाबण्याची ही कामे ज्या यंत्रावर होतात ती प्रेस, आणि तिच्यात पुंगळी वर डायमध्ये ढकलणारा दंडगोल म्हणजे रॅम. सिंगल स्टेज प्रेसवर एका वेळी एकच डाय बसते, आणि दांडा एकदा ओढला की एका पुंगळीवर एकच क्रिया होते. टरेट प्रेसच्या डोक्यात चार किंवा अधिक डाय कायम बसवलेल्या असतात आणि डोके फिरवून त्या एकामागून एक पुंगळीवर आणता येतात. प्रोग्रेसिव्हमध्ये डाय जागच्या जागी राहतात आणि खालच्या थाळीवरच्या पुंगळ्या पुढे सरकतात. दांड्याच्या प्रत्येक ओढीसरशी प्रत्येक पुंगळीवर वेगळी क्रिया होते आणि एक तयार काडतूस बाहेर पडते. पाहायला हे फार देखणे असते, यात शंका नाही.

प्रेसच्या निवडीकडे वळण्यापूर्वी लेखातील एक चूक दुरुस्त करणे भाग आहे. लेखकाने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील स्वप्नील कुसाळे यांच्या कांस्यपदकाचा संदर्भ देऊन, आपल्या नेमबाजांनाही अशा रिलोडिंगने, म्हणजे काडतुसे पुन्हा भरण्याने, सराव स्वस्त पडला असता असे सुचवले आहे. कुसाळे यांचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशनचा. त्यात पॉइंट २२ चे रिमफायर काडतूस वापरतात, आणि त्याला वेगळा प्राइमरच नसतो. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या दुमडीत भरलेले असते, फायरिंग पिन ती दुमड चेचते आणि बार उडतो. चेचलेली ती पुंगळी घरच्या प्रेसवर पुन्हा भरता येत नाही. तेजस्विनी सावंत यांची ५० मीटर रायफल आणि राही सरनोबत यांचे २५ मीटर पिस्तूल याच जातीचे, आणि १० मीटरच्या स्पर्धेत तर हवेच्या दाबावर छर्रा सुटतो. म्हणजे कोल्हापूरने देशाला ज्या नेमबाजीत नाव मिळवून दिले तिच्यात प्रेसला कामच नाही. रिलोडिंग होते ते बुडाच्या मध्यभागी वेगळा प्राइमर असलेल्या सेंटरफायर काडतुसांचे, आणि त्यातही ज्यांच्या बुडात मधोमध एकच छिद्र असते अशा बॉक्सर पद्धतीच्या पुंगळ्यांचे, कारण त्या एका छिद्रातूनच डायची पिन जुना प्राइमर ढकलते. गंमत अशी की बॉक्सर हा इंग्रज अधिकारी होता आणि त्याची पद्धत अमेरिकेत रुजली. बर्डन हा अमेरिकन, त्याची दोन छिद्रांची पद्धत युरोपात पसरली. पॉइंट २२ च्या पुंगळ्या मात्र अगदीच वाया जातात असेही नाही. कॅलिफोर्नियात ओरोव्हिलला फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये त्याच रिकाम्या पुंगळ्या दाबून दुसऱ्या गोळ्यांसाठी तांब्या-पितळेची आवरणे बनवणाऱ्या डाय विकायला सुरुवात केली, आणि त्यातूनच आज या धंद्यातली मोठी समजली जाणारी आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली.

आता मुख्य मुद्दा. दुकानात शिरलेला नवखा माणूस पहिला प्रश्न प्रेसचा विचारतो, आणि काडतुसाचा नेमकेपणा प्रेसवर अवलंबून असतो अशी त्याची समजूत असते. वास्तविक प्रेस फक्त जोर पुरवते. पुंगळीचा आकार डाय ठरवते, पावडरचे वजन काटा ठरवतो, लांबी व्हर्नियर सांगतो. डायचे आटे गेली कित्येक दशके सात अष्टमांश इंच व्यासाचे आणि इंचाला १४ असे ठरून गेलेले आहेत, त्यामुळे एका कंपनीची डाय दुसऱ्या कंपनीच्या प्रेसवर बेलाशक बसते. डिलन कंपनीच्या स्क्वेअर डील बी या प्रेससारखे मोजके अपवाद सोडले तर प्रेस बदलली तरी डाय वाया जात नाहीत. तेव्हा पहिल्या प्रेसकडून जोराखेरीज आणखी काय मागायचे? माझ्या मते एकच: प्रत्येक पुंगळी प्रत्येक टप्प्यावर डोळ्यांखालून जाईल आणि प्रत्येक टप्प्याचा जोर हाताला वेगळा कळेल, एवढी सवड. प्रोग्रेसिव्ह प्रेस ही सवड देत नाही, कारण ती सवड काढून टाकण्यासाठीच बनवलेली आहे.

पॉइंट ३८ स्पेशलचे उदाहरण घ्या, कारण अनेक नवशिके रिव्हॉल्व्हरच्या याच काडतुसापासून सुरुवात करतात. हे काडतूस १८९८ च्या सुमाराचे, काळ्या दारूच्या हिशेबाने लांबी-रुंदी ठरलेले. आजची जलद जळणारी पावडर घातली तर ती पुंगळीच्या तळाशी जेमतेम पसरते आणि वर भरपूर रिकामी जागा राहते. त्या जागेत चुकून पावडरचा दुसरा बार पडला, तरी तो सहज मावतो, वर गोळी नीट बसते, आणि तयार काडतूस बाहेरून पाहून काही म्हणजे काही कळत नाही. सिंगल स्टेजवर काम करणारा माणूस पन्नास भोकांच्या लाकडी ठोकळ्यात पन्नास पुंगळ्या उभ्या करतो, सगळ्यांत पावडर घालतो आणि गोळी बसवण्याआधी टेबलावरचा दिवा तिरका धरून ओळीओळीने आत डोकावतो. पन्नास काळ्या विहिरी, सगळ्यांचा तळ एका पातळीवर. एखादीत तो वर आलेला असला किंवा एखादी कोरडीच राहिली असली, तर ते ताबडतोब नजरेत भरते, कारण शेजारी एकोणपन्नास साक्षीदार उभे असतात. या पाहणीला मिनिटभरही लागत नाही. काडतुसांच्या दाबाची मर्यादा ठरवणाऱ्या, १९२६ साली स्थापन झालेल्या सामी या उत्पादकांच्या संस्थेने नऊ मिलिमीटरच्या पिस्तुली काडतुसासाठी ३५,००० आणि पॉइंट ३०८ विंचेस्टरसाठी ६२,००० पौंड प्रति चौरस इंच ही कमाल मर्यादा सांगितलेली आहे. या आकड्यांच्या राज्यात दुप्पट पावडर हा क्षम्य प्रमाद नव्हे.

कमी पडलेली पावडरही तितकीच घातक असते. आमच्या क्लबात एका सभासदाने प्रोग्रेसिव्ह प्रेसवर भरलेली पिस्तुलाची काडतुसे आणली होती. चौथ्या-पाचव्या बाराला नेहमीच्या धडाक्याऐवजी टाळी वाजावी एवढाच आवाज झाला, पुंगळीही नीट बाहेर आली नाही, आणि गडी सवयीने स्लाइड मागे ओढून पुढचा बार टाकायच्या बेतात होता. शेजारच्या जागेवरच्या बाईंनी 'थांब' म्हणून एवढ्या जोराने ओरडून सांगितले, की सगळ्या रेंजवरचा गोळीबार थांबला. पिस्तूल रिकामे करून नळीत पितळी सळई घातली तेव्हा ती अर्ध्यावर अडली. त्या पुंगळीत पावडर पडलीच नव्हती. एकट्या प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत शिरून मध्येच रुतून बसली होती. तिच्यावर पुढची गोळी आदळली असती तर नळी फुगली किंवा फाटली असती, आणि पिस्तूल धरणारे हात तिच्यापासून फार लांब नसतात. प्रेसमध्ये कोठे गोंधळ झाला ते त्या गृहस्थांनाही नीट सांगता येईना, कारण दांडा ओढताना ते पुंगळ्यांकडे नव्हे, तर प्राइमरच्या नळीत किती प्राइमर उरले आहेत त्याकडे पाहत होते.

प्रोग्रेसिव्हच्या बाजूचे लोक यावर म्हणतील की पावडरची पातळी तपासणाऱ्या आणि चूक दिसली की घंटी वाजवणाऱ्या किंवा प्रेस अडवून धरणाऱ्या जोडण्या आता मिळतात. खरे आहे, मिळतात. पण त्यासाठी थाळीवर एक टप्पा मोकळा लागतो. डिलनच्या ५५० मध्ये मुळात टप्पेच चार, आणि तिची थाळी प्रत्येक ओढीनंतर बोटाने फिरवावी लागते. ती फिरवायला विसरले की त्याच पुंगळीत पावडरचा दुसरा बार पडण्याची वाट मोकळी. मोठी ७५० थाळी आपोआप फिरवते आणि तिच्यात तपासणीला जागाही आहे. मात्र कोठलीही प्रोग्रेसिव्ह सुरळीत चालू असताना सहसा चुकत नाही. चूक होते ती काहीतरी अडकल्यावर: एखादा प्राइमर तिरका बसतो, एखादी पुंगळी वाकडी शिरते, दांडा अर्ध्यावरून मागे घ्यावा लागतो, आणि मग थाळीवरच्या कोणत्या पुंगळीवर कोणती क्रिया झाली आणि कोणती राहिली याचा हिशेब त्या क्षणी डोक्यात मांडावा लागतो. ज्याने त्या क्रिया सुट्या सुट्या, शेकडो वेळा हाताने केल्या आहेत त्याला तो मांडता येतो. ज्याने कालच खोके उघडले त्याला तो येत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. भाकरी थापायला शिकणाऱ्याच्या हाती कोणी पहिल्या दिवशी खानावळीचे यंत्र देत नाही.

वेगाच्या हिशेबाकडे येतो. तासाला चारशे हा आकडा खोटा नाही, पण तो प्रेस जुळलेली, पुंगळ्या स्वच्छ आणि तपासलेल्या, प्राइमरच्या नळ्या भरून ठेवलेल्या आणि मध्ये काहीही न अडकलेल्या तासाचा आहे. एका काडतुसावरून दुसऱ्यावर जायचे तर थाळी, प्राइमरची जोडणी आणि पावडरची मात्रा बदलून पुन्हा सगळे तपासावे लागते. बाटलीसारखा गळा असलेल्या रायफलच्या पुंगळ्यांत तर वेगाचा फायदा बराच गळून जातो. त्या पुंगळ्यांना डायमध्ये शिरण्याआधी वंगण लागते, नाहीतर पुंगळी डायमध्ये अशी अडकते की तिचे बूड उपटून हाती येते. मापावर आणल्यानंतर ते वंगण पुसावे लागते. शिवाय दरवेळी पितळ गळ्याकडे सरकत असल्याने पुंगळी हळूहळू लांब होते, म्हणून ती मोजून कापावी लागते आणि कापलेल्या कडेचा आतून-बाहेरून बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखरीत कूस, काढावा लागतो. हे सारे प्रेसच्या बाहेर, हाताने. पुंगळी मध्येच उतरवून पुन्हा चढवायची असेल तर फिरत्या थाळीचा उपयोग तो काय? पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना कार्बाइड या अतिकठीण धातूच्या डायमध्ये वंगण लागत नाही आणि त्या सहसा कापाव्याही लागत नाहीत, म्हणून प्रोग्रेसिव्हचे खरे साम्राज्य पिस्तुलांचे, आणि तेही आठवड्याला शेकडो बार टाकणाऱ्यांचे. सिंगल स्टेजवर सगळे टप्पे धरून तासाला पन्नास ते शंभर काडतुसे होतात. महिन्यातून दोनदा रेंजवर जाऊन रायफलचे चाळीस-पन्नास बार टाकणाऱ्याला यापेक्षा अधिक कशाला हवीत, हे लेखकाने सांगितलेले नाही.

पैसे वसूल होण्याचा युक्तिवाद तर या छंदातली जुनी थट्टा आहे. रिलोडिंग करणारा पैसे वाचवत नाही, तेवढ्याच पैशांत जास्त बार टाकतो. त्यातून २०२० साली, महासाथीच्या काळात, दुकानांतले प्राइमर नाहीसे झाले, त्याच वर्षी रेमिंग्टन ही बंदुका-काडतुसांची जुनी कंपनी दिवाळ्यात गेली, आणि पुढे बराच काळ मिळेल त्या भावाने मिळतील तेवढे प्राइमर घ्यावे लागत होते. त्या दिवसांत तासाला चारशे प्राइमर खाणारी यंत्रे धूळ खात पडली आणि ज्यांच्याकडे मोजका साठा व सिंगल स्टेज होती त्यांचे फारसे अडले नाही.

सिंगल स्टेज घ्यायची ठरली तर कोणती, याबद्दल माझी मते ठाम आहेत आणि ती टूलरूमची आहेत. चौकट चारी बाजूंनी बंद असावी. एका बाजूने उघडी असलेली चौकट पिस्तुलाच्या पुंगळीला पुरते, पण थर्टी-ऑट-सिक्स या रायफलच्या काडतुसासारखी लांब पुंगळी पूर्ण लांबीने दाबताना ती केसभर का होईना फाकते, आणि मग पुंगळीचा खांदा, म्हणजे गळ्याखालचा उतार, दरवेळी सारखा मागे जात नाही. अ‍ॅल्युमिनियमपेक्षा बीड बरे. वजनदार असते, थरथरत नाही, आणि नातवापर्यंत टिकते. तोंडाची उघडीप एवढी हवी की लांब पुंगळीवर गोळी धरलेली बोटे आत-बाहेर करताना चौकटीला घासू नयेत. कागदावरच्या मापांत हे कळत नाही, दुकानात हात घालून पाहावे लागते. आणि ज्या गोष्टीकडे नवखा माणूस ढुंकूनही पाहत नाही ती म्हणजे जुने प्राइमर कोठे जातात. काही प्रेसमध्ये ते रॅमच्या समोर अडकवलेल्या पन्हाळीत पडतात, निदान पडावेत अशी अपेक्षा असते. बरेचसे उडून फरशीवर जातात आणि त्यांच्यासोबत काजळी रॅमवर सांडते. विस्कॉन्सिनमधील हार्टफर्डच्या ली कंपनीच्या क्लासिक कास्ट प्रेसचा रॅम पोकळ आहे, त्यामुळे जुने प्राइमर त्यातून थेट खालच्या नळीत उतरतात, आणि तिचा दांडा डाव्या बाजूलाही लावता येतो. किमतीच्या मानाने पहिल्या खरेदीसाठी मी तिचेच नाव घेईन. आरसीबीएसची रॉक चकर अधिक नावाजलेली, अधिक महाग, आणि जोराच्या बाबतीत निःसंशय भक्कम, पण तिच्या प्राइमरच्या पन्हाळीचे कौतुक मला करता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंडच्या रेडिंगची बिग बॉस याच पंगतीतली. नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडची हॉर्नडी डाय पटकन बदलता याव्यात म्हणून आट्यांऐवजी थोडेसे फिरवून अडकणारे बुश, म्हणजे डाय धरणाऱ्या कड्या, देते; सोय चांगली आहे, पण प्रत्येक डायला एकेक बुश विकत घ्यावा लागतो हे आधी लक्षात घ्यावे. इलिनॉयच्या फॉर्स्टरची को-अ‍ॅक्स अप्रतिम यंत्र आहे, डाय तिच्यात नुसती सरकवायची असते, मात्र पहिली प्रेस म्हणून तेवढे पैसे घालावेत असे मला वाटत नाही.

माझ्या मताला अपवाद आहेत. आठवड्याला पिस्तुलाचे दोनेकशे बार टाकणारा स्पर्धक सिंगल स्टेजला कंटाळून छंदच सोडून देईल, त्याने चार भोकांची टरेट प्रेस घ्यावी. ली कंपनीच्या टरेटमधली डोके आपोआप फिरवणारी सळई काढून ठेवता येते, म्हणजे पहिले काही महिने ती सिंगल स्टेजसारखी वापरता येते, आणि सळई पुन्हा घातल्यावरही एका वेळी पुंगळी एकच असल्याने नजर चुकत नाही. शॉटगनच्या छर्‍याच्या काडतुसांना ही कोणतीच प्रेस चालत नाही. त्यांची प्रेस वेगळी असते आणि विस्कॉन्सिनच्या मेव्हिलमधील एमईसीची यंत्रे त्यासाठी सर्वत्र दिसतात. फ्लॅटमध्ये बेंच ठोकायला जागा नसलेल्यांसाठी हातात धरून दाबायची प्रेसही मिळते, तिच्यावर पिस्तुलाच्या पुंगळ्या होतात, रायफलच्या पुंगळ्यांना मनगटांची परीक्षा होते.

जुनी प्रेस घेण्यात काहीही कमीपणा नाही. बिडाची सिंगल स्टेज प्रेस हे असे यंत्र आहे की त्यात बिघडण्यासारखे फार थोडे असते, आणि मालक वारल्यावर घरच्यांनी काढलेल्या विक्रीत ती निम्म्या किमतीत मिळते. रॅम अर्ध्यावर आणून त्याचे टोक दोन बोटांनी चारी दिशांना हलवून पाहावे. किंचित डुगडुगले तर हरकत नाही, पण टकटक आवाज आला तर ती प्रेस सोडावी. मग दांड्याच्या जोडांतल्या पिनांभोवती आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत केसासारखी चीर आहे का ते बोटाला थुंकी लावून पुसून पाहावे, कारण धुळीत चीर लपते. वरच्या आट्यांत आपली एखादी डाय हाताने फिरवून पाहावी, ती पाना न लावता शेवटपर्यंत जायला हवी. वरवरच्या गंजाला भिऊ नये. नव्या प्रेसला साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर पडतात. सगळ्या जोडण्यांसह प्रोग्रेसिव्ह हजाराच्या घरात जाते. उरलेले पैसे मान्यताप्राप्त लोडिंग मॅन्युअल, चांगला काटा आणि तो तपासण्यासाठी प्रमाणित वजने यांवर खर्च व्हावेत. पौंडाचे ७,००० ग्रेन होतात आणि इथला हिशेब ग्रेनच्या दहाव्या हिश्शात चालतो, म्हणून संचासोबत मिळणाऱ्या काट्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नये. आणि पावडरची मात्रा कोणा मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नये, ती मॅन्युअलमधूनच, तीही खालच्या आकड्यापासून, घ्यावी.

बेंच स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर मांडू नये. प्राइमरच्या राखेत शिसे असते, पुंगळ्या घासताना त्याची धूळ उडते, आणि लहान मुलांच्या शरीरात थोडेसे शिसेही नुकसान करते. तळघर उत्तम, मात्र भट्टी आणि पाणी तापवणाऱ्या बंबापासून लांब. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संघटनेच्या संहितेत राहत्या घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत पावडर आणि १०,००० पर्यंत प्राइमर ठेवण्याची मुभा आहे, स्थानिक नियम याहून कडक असू शकतात. प्राइमर कारखान्याच्या खोक्यांतून काढून काचेच्या बरणीत ओतून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. एक पेटला तर त्या बरणीतले सगळे एकदम उडतात.

शेवटी कायद्याचा मुद्दा, ज्याचा लेखात अवाक्षरानेही उल्लेख नाही, आणि आपल्या वाचकांच्या दृष्टीने तोच सर्वांत गंभीर आहे. स्वतःपुरती काडतुसे भरायला अमेरिकेच्या संघीय कायद्याने परवाना लागत नाही, विकण्यासाठी बनवायची तर लागतो. पण एच-वन-बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यासच संघीय कायद्याने मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणे यांसारखे काही अपवाद त्याला आहेत, परंतु ते वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय कोणी पुंगळीलाही हात लावू नये. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. लेखमालेचे कितीतरी तरुण वाचक नेमके याच व्हिसावर असतील. भारतात तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे, आणि पावडरीला स्फोटकांचा कायदा वेगळा लागू होतो. काडतुसे बनतात ती खडकीच्या १८६९ पासूनच्या कारखान्यात किंवा वरणगावसारख्या ठिकाणी, कोणाच्या माळ्यावर नव्हे. लेख वाचून पुण्या-नाशिकच्या एखाद्या हौशी वाचकाने परदेशातल्या नातेवाइकाकडून सामान मागवू नये, म्हणून व्हिसाविषयीची आणि भारतीय कायद्याविषयीची ही माहिती पुढच्या रविवारच्या पुरवणीत, मूळ लेख ज्या पानावर आला त्याच पानावर, ठळकपणे छापावी अशी विनंती आहे. प्रेसविषयीची माझी मते जागेअभावी गाळली तरी माझी तक्रार राहणार नाही.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, पेनसिल्व्हेनिया